न जिरलेलं टेंगूळ

नवं बाळ घरी आलं की बघायला येणारी बाई आधी त्याचा चेहरा बघते, रंग कोणावर गेला ते सांगते, आणि मग तिचा हात आपोआप बाळाच्या डोक्याकडे जातो. आपल्याकडे तान्ह्या डोक्याचं कौतुक आणि काळजी दोन्ही फार. टाळू तेलानं भरायची, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवायची, वाऱ्याला नको म्हणून कुंची घालायची. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला तर केवढा मान! अमक्याच्या मुलांची डोकी तिनं कशी नारळासारखी वळवली, याच्या कथा गल्लीभर चालतात.

अशा घरात बाळाच्या जन्मानंतर दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्याच्या एका बाजूला लिंबाएवढं टेंगूळ दिसलं, की घराचा धीर सुटतो. काल तर नव्हतं, मग आज कुठून आलं? कोणी पाडलं का? रात्री पाळणा कुठे आपटला का? प्रश्न सुरू होतात आणि त्यांची उत्तरं बहुधा बाळंतिणीच्या खाटेपाशी येऊन थांबतात.

हे टेंगूळ जगभर शंभरातल्या एखाद-दुसऱ्या नवजात बाळाला येतं, म्हणजे ते दुर्मीळ मुळीच नाही. डॉक्टर त्याला सेफलहिमॅटोमा म्हणतात. नाव अवघड असलं तरी गोष्ट समजायला सोपी आहे. आपल्या प्रत्येक हाडावर एक पातळ, चिवट पापुद्रा घट्ट बसवलेला असतो. जन्माच्या वाटेवर बाळाचं डोकं आईच्या ओटीपोटाच्या हाडांमधून घासत येतं. त्या रेट्यानं कधी कधी कवटीच्या हाडावरचा हा पापुद्रा सुटतो, त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, आणि हाड व पापुद्रा यांच्यामध्ये रक्त झिरपू लागतं. झिरपणं सावकाश चालतं, म्हणून टेंगूळ जन्माच्या क्षणी न दिसता काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. रात्री पाळणा आपटला का, या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. पाळण्याचा काही संबंध नसतो.

तान्ह्या बाळाची कवटी एकसंध नसते. तिची हाडं सुटी असतात आणि त्यांच्यामध्ये शिवणी असतात, म्हणून तर ती जन्माच्या वेळी एकमेकांवर थोडी सरकतात आणि एवढ्याशा वाटेतून डोकं बाहेर पडतं. हाडावरचा पापुद्रा या शिवणींपाशी पक्का चिकटलेला असतो. त्यामुळे साचलेलं रक्त एका हाडाची हद्द ओलांडून दुसऱ्यावर जात नाही. बहुतेक वेळा टेंगूळ डोक्याच्या बाजूच्या, म्हणजे पॅरायटल हाडावर असतं आणि डावीपेक्षा उजवीकडे अधिक आढळतं.

नवजात बाळाच्या डोक्यावरची प्रत्येक सूज अशीच असते असं मात्र नाही. जन्मतःच दिसणारी, शिवण ओलांडून पसरलेली, बोटानं दाबलं तर खळगा पडणारी मऊ सूज असते, ती कातडीखालच्या पाण्याची. चार दिवसांत ती कुठे गेली ते कळतही नाही. तिसरा प्रकार क्वचित होणारा, पण धोक्याचा. त्यात रक्त पापुद्र्याच्या वर, सैल जागेत उतरतं. तिथे त्याला अडवायला शिवण नसते, म्हणून ते मानेपर्यंत, कानामागे, डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत पसरू शकतं. सूज अशी पसरत असेल, बाळ पांढुरकं पडत असेल, मलूल होत असेल, तर ती तासाभराचीही वाट पाहायची वेळ नव्हे.

आपल्या साध्या टेंगळाकडे परत येऊ. त्याची वाट बहुधा एकच असते. काही आठवड्यांत रक्त हळूहळू शोषलं जातं आणि टेंगूळ जिरतं. जिरताना ते एक काम वाढवून ठेवतं. साचलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि त्यातून पिवळं द्रव्य तयार होतं. नवजात बाळाचं यकृत नवशिकं असतं, त्याला हा जादा भार लवकर उपसता येत नाही आणि कावीळ वाढते. म्हणून टेंगूळ असलेल्या बाळाची कावीळ डॉक्टर बारकाईनं पाहतात आणि गरज पडली तर त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली पाहून आजी रडतात, पण त्या दिव्यानं बाळाचं मोठं अनिष्ट टळतं.

काही टेंगळं मात्र जिरत नाहीत. वैद्यकीय ग्रंथांत शंभरात तीन ते पाच असं प्रमाण दिलेलं असतं. उचललेल्या पापुद्र्याच्या आतल्या बाजूला हाड घडवणाऱ्या पेशी असतात. हाड मोडलं की ते सांधतात त्या याच पेशी. आपल्या खाली हाड नसून रक्त आहे, हे त्यांना कोण सांगणार? त्या आपलं काम सुरू करतात. टेंगळाच्या कडेनं आधी एक कडक वेटोळं तयार होतं. या टप्प्यावर कडा उंच आणि मधला भाग मऊ लागतो, त्यामुळे हात लावणाऱ्याला वाटतं की कवटीत खड्डाच पडला आहे. मग कडेकडून मध्याकडे कॅल्शियम साठत जातं. मध्यंतरी कधी दाबलं तर अंड्याच्या कवचासारखं किंचित करकरतं. शेवटी जुन्या हाडावर नव्या हाडाचा घुमट उभा राहतो. डॉक्टरांच्या भाषेत, टेंगूळ कॅल्सिफाय झालं.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नातीचं असंच झालं. आम्ही तालुक्याच्या गावी एका शाखेत सहा वर्षं बरोबर होतो, तो हेड कॅशियर आणि मी कर्जखात्यात. निवृत्तीनंतर त्याचा फोन सणासुदीलाच येई. एकदा भर चैत्रात, दुपारी दोन वाजता आला. म्हणाला, मुदतठेव मोडतोय, मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात रे? चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस! त्या प्रश्नाचं उत्तर त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याला विचारायचं वेगळंच होतं. थोडा वेळ इकडचं-तिकडचं बोलून तो म्हणाला, “नुसत्या दिसण्यासाठी एवढ्याशा जिवाच्या डोक्याला सुरी लावायची का, तूच सांग.”

हकीकत अशी होती. सुनेचं पहिलं बाळंतपण, कळा अठरा तास चाललेल्या, शेवटी बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागले म्हणून डॉक्टरांनी व्हॅक्यूम लावून बाळ बाहेर घेतलं. मुलगी झाली, वजन चांगलं, रडणं खणखणीत. दुसऱ्या दिवशी उजवीकडे टेंगूळ. चौथ्या दिवशी कावीळ, दोन दिवस दिव्याखाली. डॉक्टरांनी सांगितलं, काही करू नका, महिना-दीड महिन्यात जिरेल. घरी आल्यावर अर्थात सगळ्यांनी काही ना काही करायचं ठरवलं. न्हाऊ घालणारी बाई म्हणाली, रोज दाबून बसवते. शेजारणीनं मिठाच्या पुरचुंडीचा शेक सांगितला. एक दूरचे नातेवाईक म्हणाले, ओळखीच्या कंपाउंडरकडून सुई घालून काढून टाकू, पाच मिनिटांचं काम.

सुनेनं यातलं काहीही होऊ दिलं नाही. बोलायला मऊ मुलगी, पण बाळाच्या डोक्यावर तळहात ठेवून बसली. डॉक्टर करतील ते करतील, बाकी कोणी हात लावायचा नाही. तिचं बरोबर होतं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. दाबल्यानं रक्त जिरत नाही, उलट पुन्हा झिरपू शकतं, आणि अशा काही टेंगळांखाली हाडाला केसासारखी बारीक चीरही असते. शेकानं तान्ह्या कातडीला भाजतं. सुई तर फारच वाईट. बंद जागेतलं रक्त निर्जंतुक असतं. बाहेरून जंतू आत गेले तर तिथे पू होतो आणि तो हाडात किंवा मेंदूच्या आवरणातही उतरू शकतो. काही आठवड्यांनी टेंगूळ जिरत नसेल तर रुग्णालयात, पूर्ण काळजी घेऊन ते उपसावं असं मानणारे शल्यविशारद आहेत, पण त्यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. कंपाउंडरच्या सुईबद्दल मात्र कोणाचंही दुमत नाही.

दीड महिना झाला, टेंगूळ जिरलं नाही. कडा टणक झाली. तीन महिन्यांनी सगळंच दगडासारखं लागू लागलं. आता घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाल्या, मुलीची जात आहे, केस वाढले की झाकून जाईल, कशाला चिरफाड? आत्या म्हणाली, मुलीची जात आहे, उद्या लग्नात अडेल, आत्ताच काढून टाका. मुलीची जात हे कारण दोन्ही पक्षांना पुरलं. मुलगा असता तर बहुधा एवढंच विचारलं असतं, की त्याला त्रास होतो का.

दोष कोणाचा यावरही सभा झाल्या. डॉक्टरांनी व्हॅक्यूम का लावला? सुनेनं कळा नीट का दिल्या नाहीत? सातव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा ती भाजी चिरत होती म्हणे. माझा मित्र हे सगळं फोनवर सांगत होता आणि मला मागे पाळण्याच्या कड्या वाजल्याचा आवाज येत होता.

व्हॅक्यूम आणि चिमटा यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. प्रसूतीचा चिमटा इंग्लंडमधल्या चेंबर्लेन घराण्यानं सतराव्या शतकात वापरात आणला आणि शंभराहून अधिक वर्षं धंद्याचं गुपित म्हणून लपवून ठेवला. त्या घराण्यातल्या एकाच्या घरात, जमिनीच्या फळ्यांखाली दडवलेली ती हत्यारं १८१३ मध्ये सापडली. अडलेल्या बायका मरत होत्या आणि उपाय पेटीत बंद होता! हवेच्या ओढीनं बाळ बाहेर घेण्याचं साधन स्कॉटलंडच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४९ मध्ये करून पाहिलं, आणि १९५० च्या दशकात स्वीडनच्या तागे माल्मस्ट्रम यांच्या धातूच्या वाटीनं ते जगभर रूढ झालं. या साधनानं टेंगळाचं प्रमाण वाढतं हे खरं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९८ मध्ये डॉक्टरांना सावधगिरीची सूचनाही दिली होती, ती विशेषतः त्या पसरणाऱ्या धोक्याच्या रक्तस्रावाबद्दल. परंतु ठोके मंदावलेलं बाळ वेळेत बाहेर काढलं नसतं तर काय झालं असतं, याचा हिशेब टेंगूळ मोजणाऱ्यानं करायला हवा. शिवाय कोणतंही साधन न लावता सरळ झालेल्या बाळंतपणातही हे टेंगूळ येतं. लांबलेल्या कळांनंतर पोट चिरून काढलेल्या बाळालाही येतं. आईनं कळा कशा दिल्या आणि ग्रहणात काय चिरलं, यांना या हिशेबात जागाच नाही.

तर प्रश्न उरतो तो शस्त्रक्रियेचा. इथे आधी एक दिलासा. टणक झालेल्या टेंगळालाही बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर साधारण पस्तीस सेंटिमीटर असतो आणि वर्षाचं होईपर्यंत तो शेहेचाळीसच्या आसपास जातो. मेंदू आतून वाढत असतो आणि कवटीचं हाड सतत नव्यानं घडत असतं, एकीकडे झिजतं, दुसरीकडे भरतं. या घडामोडीत लहान उंचवटे मिसळून जातात, उरलेसुरले केसांत जातात. म्हणून शल्यविशारद घाई करत नाहीत. बँकेत थकलेलं कर्जखातं अनुत्पादक ठरवायला नव्वद दिवस थांबतात, कारण हप्ता चुकलेला प्रत्येक माणूस बुडवणारा नसतो. डॉक्टरही या टेंगळाला महिन्यांच्या हिशेबानं मुदत देतात. वेळ देणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे, दर भेटीला मोजमाप व्हायला हवं.

मुदत संपूनही टेंगूळ मोठंच राहिलं, तर सीटी स्कॅन करून आत काय आहे ते पाहतात. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा टेंगळांचे दोन प्रकार सांगितले आणि ते पुष्कळ ठिकाणी वापरले जातात. पहिल्या प्रकारात टेंगळाच्या तळाशी असलेलं मूळ हाड आपल्या जागी, नेहमीच्या गोलाईत असतं. बाहेर फक्त घुमट वाढलेला असतो. दुसऱ्या प्रकारात मूळ हाडही आत, मेंदूच्या बाजूला दबलेलं असतं. पहिल्या प्रकारात शस्त्रक्रिया सोपी असते आणि पुष्कळदा टळूही शकते. दुसऱ्या प्रकारात ती अधिक मोठी होते.

तिसरा एक मार्गही आहे. डोक्याच्या मापानं खास शिरस्त्राण बनवून ते दिवसाचे बहुतेक तास बाळाला घालून ठेवायचं. उंचवट्यावर ते टेकतं आणि इतर ठिकाणी डोक्याला वाढायला मोकळी जागा ठेवतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये अशा टेंगळांवर हा उपाय प्रसिद्ध केला. पण तो लहान वयातच, हाड मऊ असतानाच उपयोगी पडतो, आणि आपल्याकडच्या वैशाखात बाळाच्या डोक्यावर रात्रंदिवस शिरस्त्राण ठेवणं म्हणजे काय, ते आईलाच विचारावं.

शस्त्रक्रिया कशी असते? डोकं उघडणं या शब्दांनी जे चित्र उभं राहतं, तेवढं भयंकर ते पहिल्या प्रकारात नसतं. मेंदूपर्यंत जायचंच नसतं. पूर्ण भूल देतात. कापायच्या रेषेत रक्तवाहिन्या आकसवणारं औषध टोचतात. केसांच्या भागात, बहुधा नागमोडी छेद घेतात, म्हणजे पुढे केस आले की व्रण दिसत नाही. कातडी बाजूला करून नव्या हाडाचा घुमट काढतात, आत साचलेलं उपसतात, आणि उरलेली कडा बारीक फिरत्या यंत्रानं घासून आजूबाजूच्या हाडाशी सपाट करतात. दुसऱ्या प्रकारात मात्र आत दबलेला हाडाचा तुकडाच सोडवून काढावा लागतो, कारण घुमट उडवल्यावर तिथे खळगा राहील. मग तो तुकडा आकार देऊन, कधी चक्क पालथा करून पुन्हा बसवतात. ज्याचा खोलगटपणा आत होता तो आता बाहेरच्या गोलाईत जमतो. त्याला धरून ठेवायला पुढे आपोआप विरघळणारे टाके किंवा पट्ट्या वापरतात. इतक्या लहान वयात हाड लवकर भरतं, ही निसर्गाची मदत.

खरी चिंता असते ती रक्ताची. बाळाच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण ऐंशी मिलिलिटर रक्त असतं. सात किलोच्या बाळाचं सगळं रक्त मिळून अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून थोडंच अधिक. मोठ्या माणसाला ज्याची दखलही लागत नाही, तेवढ्या रक्तस्रावानं बाळ संकटात येऊ शकतं. डोक्याची कातडी आणि हाड दोन्ही रक्ताळ. म्हणून जुळणारं रक्त आधी आणून ठेवतात, गाळलेला प्रत्येक बोळा मोजतात, आणि म्हणूनच अशी शस्त्रक्रिया लहान मुलांची भूल देणारे तज्ज्ञ आणि बालकांचा अतिदक्षता विभाग जिथे आहे तिथेच करावी. जवळचं रुग्णालय किंवा ओळखीचा डॉक्टर ही इथे पुरेशी कारणं नाहीत.

दुसरी भीती भुलेची. तिचा मेंदूवर परिणाम होईल का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१६ मध्ये सांगितलं, की तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देताना विचार करावा. दुसरीकडे सात देशांतल्या अठ्ठावीस रुग्णालयांत सातशे बावीस तान्ह्या बाळांवर एक मोठा अभ्यास झाला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी काहींना पूर्ण भूल दिली, काहींना फक्त कमरेखालचा भाग बधिर केला, आणि मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला, की तासाभराहून कमी वेळाच्या एका भुलेनं काही फरक पडलेला नाही. कवटीची शस्त्रक्रिया त्याहून लांबते, हे खरं. तेव्हा भुलेला घाबरून गरजेची शस्त्रक्रिया टाळू नये आणि गरज नसताना केवळ हौसेनं भूल घेऊ नये, एवढा बोध यातून घेता येतो.

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. नुसत्या दिसण्यासाठी करायचं का? बहुसंख्य वेळा या शस्त्रक्रियेचं कारण आकार हेच असतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मेंदूवर दाब येणं, जागेत पू होणं ही कारणं विरळा. बाळ हसत असेल, मान धरत असेल, वाढत असेल, तर टेंगळामुळे त्याची बुद्धी कमी होईल ही भीती निराधार असते. मग दिसण्याची किंमत किती धरायची? मी मित्राला सांगितलं, की हा प्रश्न तू मला विचारतोयस, पण ज्या माणसानं ते टेंगूळ रोज पाहिलं, त्याला विचारलंस का?

ते काम शेवटी शल्यविशारदांनी केलं. मुलगी सहा महिन्यांची असताना पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात सगळे गेले. आजोबांनी स्कॅनचा लिफाफा पुढे केला. डॉक्टर आईकडे वळून म्हणाले, “ताई, तुमचं काय निरीक्षण आहे?” तिनं पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. वहीत दर सोमवारी बाळाच्या डोक्याचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजून लिहिलेला होता. शेजारी टेंगळावरून आडवा धरून कापलेला दोरा चिकटपट्टीनं लावला होता, खाली तारीख. घेर वाढत गेला होता, दोऱ्यांची लांबी मात्र गेले तीन महिने तसूभरही कमी झाली नव्हती. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. टेंगूळ टोचतं म्हणून मुलगी उजव्या कुशीला डोकं टेकवत नाही. सतत डावीकडे झोपून तिकडची बाजू मागून चपटी व्हायला लागली आहे.

डॉक्टरांनी आधी वही वाचली आणि मग स्कॅन बघितला. मूळ हाड आत दबलेलं होतं, दुसरा प्रकार. त्यांनी दोन्ही वाटा मोकळेपणी सांगितल्या. नाही केली तरी मेंदूला धोका दिसत नाही, पण हे टेंगूळ आपोआप सपाट होण्याची आशा आता थोडी आहे. करायची तर वर्षाच्या आत करणं सोयीचं, हाड मऊ असतं. त्याच सकाळी त्यांनी दुसऱ्या एका मुलाच्या पालकांना शस्त्रक्रिया नको म्हणून परत पाठवलं होतं, तेही सांगितलं. घरी येऊन आठ दिवस विचार झाला. सातव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. अडीच तास लागले, थोडं रक्त द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद झाले तेव्हा माझा मित्र रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडला. अशी सूज अपेक्षित असते, हे त्याला आधी सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं आणि पाहिलेलं यांत अंतर असतं. पाचव्या दिवशी सगळे घरी आले.

ही गोष्ट सगळ्यांनी शस्त्रक्रिया करावी म्हणून सांगितलेली नाही. त्या सकाळी परत पाठवलेल्या मुलाच्या आईचा निर्णयही तेवढाच बरोबर होता. दोन्ही ठिकाणी निर्णय मोजून झाला, घाबरून किंवा लाजून झाला नाही.

घरोघरी उपयोगी पडेल असं थोडक्यात सांगतो. टेंगूळ दिसलं की बाळाला डॉक्टरांना दाखवा, घरच्या घरी दाबू, शेकू, लेप लावू नका. बाळ पिवळं दिसू लागलं तर थांबू नका. टेंगूळ झपाट्यानं वाढत असेल, लाल-गरम झालं असेल, ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल, झटके येत असतील, टाळू फुगली असेल, तर त्याच वेळी रुग्णालयात न्या. घराण्यात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगा. दीड-दोन महिन्यांत ते जिरलं नाही, टणक होऊ लागलं, तर लहान मुलांच्या मेंदूशल्यविशारदांचं मत घ्या, आणि शक्य तर दोघांचं घ्या. खर्चाची विवंचना असेल तर सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात मुलांची तपासणी होते आणि गरजेप्रमाणे पुढच्या रुग्णालयात पाठवण्याची सोय आहे.

आणि एक विनंती बघायला जाणाऱ्यांना. बारशाला गेलात आणि कुंचीखाली टेंगूळ दिसलं, तर हे कशानं झालं असं बाळंतिणीला विचारू नका. तिनं तो प्रश्न पन्नास तोंडांतून ऐकलेला असतो आणि रात्री बाळ झोपल्यावर स्वतःलाही विचारलेला असतो. विचारायचंच असेल, तर डॉक्टरांनी पुढची तारीख कधीची दिली आहे ते विचारा. आणि त्या दिवशी तिच्याबरोबर जायला कोणी नसेल, तर आपण जा.